दोन मिलिमीटर लाकडाचे वाद्य

युकुलेले हे गिटारच्याच घडणीचे, पण तिच्या मानाने फारच लहान असे चार तारांचे वाद्य आहे. त्याच्या सर्वांत जुन्या आणि प्रचलित प्रकारांत सर्वांत लहान असलेल्या प्रकाराला सोप्रानो म्हणतात. त्यात तारेचा कंप पावणारा भाग, म्हणजे वरच्या मेरूपासून खालच्या घोडीपर्यंतचे अंतर, जेमतेम ३५ सेंटिमीटर भरते, तर नेहमीच्या गिटारमध्ये हेच अंतर ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते. आकार लहान, सुरुवातीचे धडे सोपे आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रती स्वस्त, या तीन कारणांनी या वाद्याकडे मुलांच्या हाती द्यायची वस्तू म्हणून पाहण्याची सवय जगभर रुजली आणि त्यामुळे ते हाताने घडवण्यामागे केवढे ज्ञान उभे आहे, हा प्रश्न सहसा विचारलाच गेला नाही. प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नासाठीच आहे. लहान वाद्य घडवणे सोपे असते, ही समजूत चुकीची आहे; वाद्य जितके लहान, तितकी चुकीला जागा कमी, आणि युकुलेलेच्या बाबतीत ही जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आक्रसते, हे या पुस्तकातील प्रतिपादनाचे मूळ आहे.

या वाद्याचा जन्मच मुळी सुतारांच्या हातून झाला. हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते आणि अटलांटिक महासागरातील पोर्तुगीज मादेइरा बेटावर गरिबी होती; १८७५ मध्ये हवाईचे राज्य आणि अमेरिका यांच्यात झालेल्या करारामुळे हवाईच्या साखरेला अमेरिकेत करमुक्त प्रवेश मिळाला, मळे झपाट्याने वाढले, आणि मादेइराचे लोक कराराने बांधून घेऊन जहाजांवर चढू लागले. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर होनोलुलूला लागले, तेव्हा त्यावरील चारशेहून अधिक प्रवाशांत मॅन्युएल नुनेस, औगुस्तो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन फर्निचर घडवणारे कारागीर होते. त्यांच्याबरोबर मादेइराची दोन तंतुवाद्येही आली: चार तारांचे छोटे मशेट, ज्याला ब्रागिन्या असेही म्हणतात, आणि त्याहून थोडे मोठे, पाच तारांचे रजांव. मळ्यावरील कराराची मुदत संपल्यावर हे तिघेही होनोलुलूत आले आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिघांचीही दुकाने शहरात सुरू झाली होती. त्यांनी मशेटचा आकार घेतला, रजांवच्या पाचपैकी चार तारांची जुळणी घेतली, आणि या दोहोंना हवाईच्या डोंगरांवरचे कोआ नावाचे लाकूड दिले. एका वाद्याची घडण, दुसऱ्या वाद्याची जुळणी आणि वेगळ्याच भूमीचे लाकूड अशा मिलाफातून युकुलेले उभे राहिले, आणि ते घडले कारखान्यात नव्हे, तर पटाशी, रंधा आणि सरसाचे भांडे एवढ्या साहित्यावर चालणाऱ्या दुकानांत. म्हणून हाताने घडवणे ही या वाद्याला नंतर चढवलेली चैन मानता येत नाही. ती त्याची मूळ अवस्था आहे, आणि कारखाना नंतर आला.

नव्या वाद्याला राजाश्रय लवकर मिळाला. हवाईचा राजा कालाकाऊआ हा स्वतः संगीताचा जाणकार होता. मिशनऱ्यांच्या प्रभावामुळे मागे ढकलल्या गेलेल्या हुला या पारंपरिक नृत्याला त्याने दरबारात पुन्हा मान दिला, आणि १८८६ मधील त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्याशी युकुलेलेच्या साथीने झालेल्या हुलाचे नाते जोडले जाते. हाच राजा १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला असताना कलकत्ता आणि मुंबई येथेही येऊन गेला होता, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. परदेशी मजुरांबरोबर आलेले वाद्य अवघ्या दशकभरात स्थानिक लोकांनी आपले मानले, याचे श्रेय या राजाश्रयाला जितके जाते, तितकेच, किंबहुना अधिक, कोआच्या लाकडाला जाते.

कोआ हा बाभळीच्या नात्यातला वृक्ष असून तो निसर्गतः फक्त हवाई बेटांवर आढळतो. ज्वालामुखीच्या उतारांवर तो उंच आणि डेरेदार वाढतो. त्याच्या खोडातून हवाईचे लोक शतकानुशतके समुद्रात जाणाऱ्या होड्या कोरत आले होते. ज्या लाकडाने बेटांना बेटे जोडली, त्याच लाकडाचे वाद्य झाल्यावर ते परके राहिले नाही. कारागिराच्या दृष्टीनेही कोआ मोलाचे आहे, कारण ते फार जड नाही, पातळ कापले तरी ताठपणा टिकवते, तापवून वाकवता येते, आणि काही झाडांत त्याचे तंतू लाटांसारखे वळत गेल्यामुळे पॉलिश केल्यावर पृष्ठभागावर सोनेरी आणि तांबूस पट्टे हलताना दिसतात. या पट्ट्यांना बाजारात मोठी किंमत येते. तथापि जाणते कारागीर सांगतात की दिसायला सर्वांत देखणी फळी आवाजाला सर्वांत चांगली असेलच असे नाही, आणि पुष्कळदा सरळ तंतूंची, साधी दिसणारी फळीच अधिक मोकळी बोलते.

वाद्याचा स्वर समजून घेण्यासाठी त्याची जुळणी पाहणे आवश्यक आहे. प्रचलित जुळणीतील सर्वांत खालच्या स्वराची तार षड्ज मानली, तर वादकाच्या चेहऱ्याजवळच्या तारेपासून क्रमाने पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत असे चार स्वर मिळतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पहिली, पंचमाची तार खर्जातली नसून मधल्याच सप्तकातली असते, त्यामुळे चारही मोकळ्या तारा एकाच सप्तकात नांदतात. गिटारमध्ये वरून खाली जाताना स्वर चढत जातात, तसे येथे होत नाही. हात वरून खाली फिरला तरी आणि खालून वर फिरला तरी सुरुवात आणि शेवट उंच स्वरांवर होतो, आणि याच कारणाने युकुलेलेच्या छेडीला उसळता, लखलखीत नाद लाभतो. याचीच दुसरी बाजू अशी की वाद्याला खर्ज नाही, आणि स्वर फार काळ टिकत नाही. मोठ्या वाद्यात जाड आवाजाच्या आवरणाखाली लपणारे दोष येथे उघडे पडतात. मधल्या सप्तकातील मोजक्या स्वरांचा तो थोडका, लवकर विरणारा नाद किती भरीव, किती गोड आणि किती स्वच्छ आहे, एवढ्यावरच वाद्याची पारख होते.

हा नाद मुख्यतः तबलीतून येतो. तबली म्हणजे वाद्याच्या पोटावरची, मध्ये गोल भोक असलेली आणि घोडी जिच्यावर चिकटवलेली असते ती फळी. सतारीच्या तुंब्यावरील तबलीचे काम तेच असते. युकुलेलेची तबली साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. लाकडाच्या फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हा यंत्रशास्त्राचा साधा नियम येथे निर्णायक ठरतो: जाडी २ मिलिमीटरवरून १.८ मिलिमीटरवर आणली, म्हणजे फक्त दहा टक्के कमी केली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, तर वजन मात्र दहा टक्केच कमी होते. तबली जास्त ताठ राहिली, तर बारीक तारांची तुटपुंजी ताकद तिला हलवू शकत नाही आणि आवाज कोरडा, आखडलेला येतो. फार पातळ झाली, तर स्वर फुटका येतो आणि वर्षा-दोन वर्षांत घोडीखालची फळी तारांच्या ओढीने फुगते. शिवाय दोन झाडांचे लाकूड कधीच सारखे नसते. एकाच खोडातून लागोपाठ कापलेल्या दोन फळ्याही सारख्या नसतात. म्हणून अमुक जाडी योग्य, असा आकडा पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. कारागीर फळी दोन बोटांत सैल धरून तिच्यावर टिचकी मारतो, ती किती वेळ घुमते ते ऐकतो, दोन्ही हातांनी आडवी आणि उभी वाकवून पाहतो, पुन्हा थोडी घासतो, पुन्हा ऐकतो, आणि एका विशिष्ट क्षणी थांबतो. कधी थांबायचे, हे कळणे हाच या विद्येचा गाभा आहे, आणि हाताने घडवलेल्या वाद्यासाठी मोजलेली किंमत प्रामुख्याने या निर्णयाची असते.

तबली जास्त ताठ राहिली की आवाज आखडतो, या विधानाला इतिहासात एक फार बोलका पुरावा आहे. अमेरिकेतील सी. एफ. मार्टिन ही १८३३ पासून गिटार बनवणारी आणि त्या कामात सर्वमान्य असलेली पेढी. तिने १९०७ च्या सुमारास काही युकुलेले बनवून पाहिले, तेव्हा गिटारच्या सवयीने तबलीला स्प्रूस हे सूचिपर्णी लाकूड वापरले आणि आतून आधाराच्या पट्ट्याही गिटारसारख्याच भरपूर लावल्या. परिणामी आवाज दबून गेला आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. दशकभराने पेढीने महोगनी लाकूड घेऊन, आतला भार कमी करून नव्याने सुरुवात केली, आणि १९२० च्या दशकात तिच्या युकुलेलेंची मागणी गिटारच्याही पुढे गेली. त्या काळातील मार्टिन युकुलेले आज संग्राहक शोधत असतात. गिटारचे ज्ञान लहान मापात उतरवले की युकुलेले होते, असे नाही. या वाद्याला त्याची स्वतंत्र हलकेपणाची शिस्त आहे, आणि ती निष्णात कारागिरांनाही नव्याने शिकावी लागली.

लहान वाद्यात चुकीला जागा कमी असते, ही गोष्ट पडद्यांच्या बाबतीत आकड्यांत दाखवता येते. दांडीवरच्या ज्या धातूच्या पट्ट्यांवर तार दाबली की स्वर बदलतो त्यांना पडदे म्हणतात. प्रत्येक पुढचा पडदा उरलेल्या तारेच्या लांबीच्या सुमारे १८ व्या भागावर बसवावा असा जुना नियम होता, आणि आज त्यासाठी १७.८१७ हा अधिक काटेकोर भाजक वापरतात. सोप्रानो युकुलेलेत बाराव्या आणि तेराव्या पडद्यांत दहा मिलिमीटरहून कमी अंतर असते. गिटारमध्ये ते अठरा मिलिमीटरच्या आसपास असते. अर्धा मिलिमीटर चूक झाली, तर गिटारवर जेवढा स्वर ढळतो त्याच्या जवळजवळ दुप्पट युकुलेलेवर ढळतो. त्यातच तार पडद्यापर्यंत दाबताना ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. मेरू थोडा जरी उंच राहिला, तरी पहिल्या दोन पडद्यांवरचे स्वर चढेच येतात. स्वस्त वाद्यांची बेसूर ख्याती बहुतांशी या एका कारणाने झालेली आहे, आणि मेरूच्या खाचा योग्य खोलीपर्यंत उतरवणाऱ्या बारीक कानशीने ती पुष्कळ प्रमाणात दूर होते. तानपुऱ्याची जवारी काढण्यासाठी घोडीवर किती सूक्ष्म घासकाम करावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कामाची जात ओळखायला वेळ लागणार नाही.

उरलेल्या घडणीचे तपशील पुढील प्रकरणांत आले आहेत. वाद्याच्या कडेच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवणे, वाकवलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूने खाचा पाडलेली बारीक लाकडी किनार बसवणे, म्हणजे तबली आणि पाठ चिकटवायला जागा मिळते, आणि दांडी पोटाशी जोडणे ही कामे प्रत्येक परंपरेत थोडी वेगळी होतात. या घडणीत लागणाऱ्या दोन द्रव्यांचे भारताशी थेट नाते आहे. दांडीवरील पट्टी आणि घोडी यांसाठी जगभर वापरले जाणारे एक प्रमुख लाकूड म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांतही वाढणारा शिसव. आणि जुन्या पद्धतीच्या फ्रेंच पॉलिशचा पाया म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली चपडा लाख, जिच्या उत्पादनात भारत आजही अग्रेसर आहे. लाखेचा थर इतका पातळ राहतो की तबलीच्या हालचालीला अडथळा होत नाही. कारखान्यातील फवाऱ्याने दिलेला जाड, चकचकीत थर टिकाऊ असतो, परंतु एवढ्या नाजूक फळीवर तो जड पडतो.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील हवाई दालनाने अमेरिकेला या वाद्याचे वेड लावले. होनोलुलूतील जोना कुमालाए या हवाईयन उत्पादकाला त्याच प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. परंतु मागणी एवढी वाढली की मुख्य भूमीवरील कारखाने हवाईचे नाव लावून हजारो वाद्ये बाजारात ओतू लागले. तेव्हा हवाईतील उत्पादकांनी आपल्या वाद्यांवर हवाईचे राजचिन्ह आणि ‘टाबू’ हा शब्द असलेली मोहोर उमटवून अस्सलपणाची खूण निर्माण केली. उत्पादन आणि त्याची भूमी यांचे नाते कायद्याने जपण्याची ही धडपड महाराष्ट्राला परकी नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागची प्रेरणा हीच आहे.

१९४९ मध्ये मारियो माकाफेरी यांनी प्लॅस्टिकचे ‘आयलँडर’ युकुलेले सहा डॉलरहूनही कमी किमतीला विकायला काढले आणि ते लाखोंच्या संख्येने खपले. माकाफेरी हे लाकडाचे मर्म न जाणणारे गृहस्थ नव्हते. पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी त्यांनी आखलेल्या गिटार पुढे जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या हाती गाजल्या. त्यांच्या प्लॅस्टिक वाद्याचे पडदे नेमके होते आणि स्वर सच्चा होता, म्हणूनच असंख्य मुलांची संगीताशी पहिली ओळख त्यावर झाली. स्वस्त वाद्याची ही सेवा मान्य केल्यावाचून हस्तघडणीची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आज कारखान्यांतून येणारी बहुसंख्य वाद्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेल्या, म्हणजे प्लायवूडच्या जातीच्या फळ्यांची असतात; ती हवामान सोसतात आणि शाळेत टिकतात. परंतु कारखान्याला प्रत्येक फळीशी वेगळे वागता येत नाही. सर्वांत कमकुवत फळीही तुटू नये इतकी जाडी त्याला सरसकट ठेवावी लागते, आणि म्हणून चांगल्या फळ्यांची चांगलेपणाची शक्यता तो आपोआप गमावतो.

‘हाताने घडवलेले’ या शब्दांचा अर्थही येथे स्पष्ट करायला हवा, कारण जाहिरातींनी तो पातळ केला आहे. यंत्राचा स्पर्श न झालेले वाद्य, असा त्याचा अर्थ या पुस्तकात केलेला नाही. अनेक नामांकित कार्यशाळांत पडद्यांच्या खाचा संगणकनियंत्रित यंत्राने पाडल्या जातात आणि त्यात काही गैर नाही, उलट अचूकता वाढते. उलटपक्षी, केवळ हाताने केले म्हणून कोणतेही वाद्य चांगले ठरत नाही. अडाणी हाताचे युकुलेले चांगल्या कारखान्याच्या युकुलेलेहून वाईट वाजते. ज्या वाद्यात प्रत्येक फळीविषयीचा निर्णय ती फळी ऐकून घेतलेला असतो, तेच येथे हस्तघडणीचे मानले आहे.

या अर्थाने कामाका घराण्याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. मॅन्युएल नुनेस यांच्याकडे शिकलेल्या सॅम्युएल कामाका यांनी १९१६ मध्ये होनोलुलूतील घराच्या तळघरात काम सुरू केले. कंबर नसलेले, अननसाच्या आकाराचे युकुलेले ही त्यांचीच कल्पना, ज्याचे पेटंट त्यांना १९२८ मध्ये मिळाले. ही कार्यशाळा त्यांच्या वंशजांकडे आजही चालू आहे. पुढच्या पिढीने तेथे अनेक कर्णबधिर कारागिरांना काम दिले, आणि या कारागिरांनी फळीची योग्य जाडी कानांऐवजी बोटांनी, टिचकीनंतर हातात उमटणाऱ्या कंपनावरून ओळखण्यात असाधारण प्रावीण्य मिळवले. फळी ऐकणे म्हणजे नेमके काय, याचे याहून मूलगामी उत्तर या क्षेत्रात क्वचितच सापडेल: ते ज्ञान हातात साठते, आणि एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे, शेजारी बसून, वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने जाते.

लाकडाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. १७९३ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हर यांनी राजा कामेहामेहा यांना गुरे भेट दिली, त्यांच्या मोकाट कळपांनी कोआची रोपे खाऊन टाकली, आणि पुढे कुरणांसाठी जंगलेच्या जंगले तोडली गेली. आता पुष्कळसे कोआ पडलेल्या किंवा वठलेल्या झाडांतून मिळवले जाते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या हाकालाऊ वन अभयारण्यात कोआची मोठ्या प्रमाणावर पुनर्लागवड झाली आहे, पण वाद्याजोगे खोड तयार व्हायला काही दशके लागतात. शिसवाच्या वंशातील सर्व जातींवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. या परिस्थितीत कारागिरांनी ऑस्ट्रेलियन ब्लॅकवूड, म्हणजे कोआच्याच जवळचा दुसरा वृक्ष, आंबा आणि जुन्या फर्निचरमधले महोगनी यांकडे वळायला सुरुवात केली आहे, आणि या लाकडांची वाद्ये कोआपेक्षा कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात हवाईचे नाव संगीताच्या संदर्भात ओळखीचे झाले ते मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांतील हवाईयन गिटारमुळे. युकुलेले येथे पोहोचले ते अलीकडे, आणि घन लाकडाची हस्तघडणीची वाद्ये तर अजून थोड्याच हातांत आहेत. ज्यांच्याकडे ती आहेत, त्यांना येथील हवेचा विचार करावा लागतो, कारण पातळ तबली कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा शोषून फुगते, घोडीजवळ उंचावते आणि तारा दाबायला जड जातात, तर विदर्भातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तीच आकसून तंतूंच्या रेषेत तडकते. वाद्य बंद पेटीत ठेवणे आणि पेटीतील हवेची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखणे एवढी काळजी बहुधा पुरते. तरीही तडा गेलाच, तर तो आतून पातळ चकती लावून सांधता येतो. आणि जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या पारंपरिक सरसाने वाद्य जोडलेले असेल, तर पाठ किंवा तबली उष्णता आणि ओलावा देऊन न मोडता उकलता येते, दुरुस्ती करून पुन्हा बसवता येते, जे काही आधुनिक पक्क्या गोंदांच्या बाबतीत जवळजवळ अशक्य असते. म्हणून हस्तघडणीचे युकुलेले घेताना लाकडावरच्या पट्ट्यांआधी सांधे कशाने जोडले आहेत, हे कारागिराला विचारून घ्यावे.